कमोडचे भिंतीपासूनचे अंतर

कमोडचे भिंतीपासूनचे अंतर म्हणजे गिलावा व टाइल्स लावून पूर्ण झालेल्या मागील भिंतीपासून जमिनीतील मैलावाहक नळाच्या मध्यबिंदूपर्यंतचे आडवे अंतर होय. नळकामात यास ‘रफ-इन’ असेही म्हणतात. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील चाळींच्या लहान खोल्यांत शौचालय बांधताना या मापास विशेष महत्त्व असते.

== निर्गमाचे प्रकार ==
* '''एस-ट्रॅप:''' मैला खाली जमिनीतील नळात जातो. भारतात साधारणतः १००, २२५ व ३०० मिमी अंतराचे कमोड मिळतात. अमेरिकेत १२ इंच (सुमारे ३०५ मिमी) हे प्रचलित माप आहे.
* '''पी-ट्रॅप:''' मैला मागील भिंतीतून बाहेर जातो. येथे भिंतीपासूनच्या अंतराऐवजी लादीपासून निर्गमाच्या मध्यापर्यंतची उंची मोजतात. ती बहुधा १८० मिमीच्या आसपास असते.

== मापन ==
माप विटांच्या उघड्या भिंतीपासून घेणे ही नेहमी आढळणारी चूक होय. उदाहरणार्थ, विटांच्या भिंतीपासून ३०० मिमीवर नळ बसविला आणि नंतर १५ मिमी गिलावा व १० मिमी जाडीच्या टाइल्स (चिकटद्रव्यासह) लावल्या, तर प्रत्यक्ष अंतर २७५ मिमी उरते. ३०० मिमीचा कमोड मग नळावर नीट बसत नाही, कारण त्याची टाकी भिंतीस अडते. म्हणून हव्या असलेल्या अंतरात गिलावा व टाइल्सची जाडी मिळवून, म्हणजे येथे ३२५ मिमीवर, नळ बसवितात. कमोड आधी निवडून त्याच्या माहितीपत्रकातील मापानुसार नळ बसविणे अधिक सुरक्षित असते. बाजूच्या भिंतीपासून कमोडच्या मध्यरेषेपर्यंत सुमारे ३८० मिमी व समोर किमान ५३० मिमी मोकळी जागा असावी, असा आंतरराष्ट्रीय नळकाम संहितेचा संकेत आहे.

== मुंबईतील चाळी ==
जुन्या चाळींत शौचालये सामायिक असत आणि खोलीत केवळ मोरी असे. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या होत्या. रात्री-अपरात्री, पावसाळ्यात, आजारपणात वा वार्धक्यात सज्जाच्या टोकापर्यंत जाणे कष्टाचे असल्याने अनेक कुटुंबांना खोलीतच शौचालय हवे असते.

मोरीच्या जागी कमोड बसविताना पुढील अडचणी येतात:
* मोरीचा नळ सांडपाण्यापुरता व कमी व्यासाचा असतो. कमोडला साधारणतः १०० मिमी व्यासाचा स्वतंत्र मैलावाहक नळ लागतो.
* जुन्या इमारतींत सांडपाणी व मैला यांचे उभे नळ वेगळे असतात आणि ते बहुधा घरगल्लीत उतरतात. कमोड सांडपाण्याच्या नळास जोडणे अयोग्य ठरते.
* एस-ट्रॅपसाठी तळजमिनीस भोक पाडावे लागते. लाकडी तुळयांच्या इमारतींत त्यामुळे तुळई दुबळी होऊ शकते, तसेच गळतीने ती कुजते. घरगल्लीकडील भिंतीलगत पी-ट्रॅप बसविल्यास हा धोका कमी होतो.

अशा बदलांपूर्वी इमारतीच्या मालकाची व महानगरपालिकेची परवानगी, तसेच संरचना अभियंत्याचा सल्ला आवश्यक ठरतो.

== चुकीच्या अंतराचे परिणाम ==
अंतर कमी असल्यास टाकी भिंतीस अडते. अधिक असल्यास मागे पोकळी राहते आणि आधीच अपुरी असलेली समोरची जागा घटते. वाकड्या जोडणीने अंतर जुळविता येते, परंतु त्यामुळे मैल्याच्या वहनास अडथळा येऊन नळ तुंबण्याची शक्यता वाढते. सांधा सैल राहिल्यास दुर्गंधी पसरते व पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतात मुरते. एका खोलीतील काही मिलिमीटरांच्या चुकीचा उपद्रव अशा रीतीने शेजाऱ्यांनाही होतो.

== पुनर्विकास ==
पुनर्विकसित इमारतींत प्रत्येक सदनिकेत स्वतंत्र शौचालय असते. बीडीडी चाळींतील पात्र रहिवाशांसाठी ५०० चौरस फुटांच्या सदनिकांची तरतूद असून, वरळी येथील ५५६ सदनिकांचे वाटप ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले.

== हे सुद्धा पहा ==
* चाळ
* म्हाडा