पाकिटावरच्या नंबराची कुळकथा

सिगारेटचं पाकीट, विडीचं बंडल, जर्द्याची पुडी, काहीही हातात घ्या. १ सप्टेंबर २०१८ पासून त्यावर एक फोन नंबर छापणं सक्तीचं आहे. १८००-११-२३५६. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं, ‘आज ही छोड़ें’ आणि पुढे हा नंबर. भोपाळच्या अयोध्या नगरात कुठल्याही गुमटीसमोर उभं राहिलं (महाराष्ट्रात जिला टपरी म्हणतात तिला इकडे गुमटी म्हणतात) तर तो एका नजरेत डझनावारी दिसतो. वर टांगलेल्या पुड्यांच्या माळांवर दिसतो, काचेमागच्या पाकिटांवर दिसतो. पण हा नंबर कुणाचा, पलीकडे फोन कोण उचलतं, पैसे पडतात का, असं विचारलं तर गुमटीवाल्यासकट सगळे एकमेकांकडे बघतात.

भोपाळची ओळख जुनी माणसं तीन शब्दांत करून देतात: जर्दा, पर्दा, गर्दा. चौथाही शब्द आहे, पण तो छापण्याजोगा नाही. पर्दा बराच मागे पडला, गर्दा म्हणजे धूळ अयोध्या बायपासवर हवी तेवढी मिळते, आणि जर्द्याने आपली जागा सोडलेली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत मध्य प्रदेशातल्या प्रौढांपैकी ३४.२ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात तेच प्रमाण २६.६ टक्के होतं. शिवाय विडीचं पान, म्हणजे तेंदूपत्ता, देशात सर्वांत जास्त याच राज्यात होतं. १९६४ च्या कायद्याने त्याचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला, आणि आजही त्याचा कारभार भोपाळमधूनच चालतो. पान विकणारं सरकार आणि विडी सोडवणारं सरकार एकाच गावात नांदतं. यात मला दांभिकपणापेक्षा आपल्या राज्यकारभाराची नेहमीची रीत जास्त दिसते: एका खात्याचं उत्पन्न दुसऱ्या खात्याचं दुखणं असतं.

तर या नंबराचं कूळ. ते शोधत मागे गेलं की पहिला मुक्काम स्टॉकहोमचा लागतो. धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध डॉल आणि हिल या दोघा ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली मांडला. त्यानंतर काही वर्षांतच बॉर्ये एयरुप या स्वीडिश डॉक्टरने सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांसाठी खास दवाखाना काढला. उपाय होता लोबेलीन नावाच्या औषधाची इंजेक्शनं. निकोटीनशी नातं सांगणारं हे औषध पुढे चाचण्यांत टिकलं नाही, आज त्याला कुणी विचारत नाही. पण दवाखान्यात माणसं एकदाच येऊन जात नसत, दिवसामागून दिवस येत. कुणीतरी आपली वाट पाहतंय, काल ओढली का असं उद्या विचारणार आहे, हा इंजेक्शनाबाहेरचा भाग कुणी मोजला नव्हता.

तो मोजला गेला लंडनमध्ये, आणि तोही जरा अनपेक्षितपणे. मायकेल रसेल हे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. २८ फॅमिली डॉक्टर, त्यांच्याकडे सर्दी-खोकल्यासारख्या कारणांनी आलेले दोन हजारांवर धूम्रपान करणारे. काहींना डॉक्टरांनी काहीच सांगितलं नाही. काहींना एक-दोन मिनिटांत ‘सोडा’ असं स्पष्ट सांगितलं. काहींना तसं सांगून वर एक पत्रक दिलं आणि बजावलं, की आम्ही पुढे तुमची चौकशी करणार आहोत. वर्षभराने पाहिलं तर या शेवटच्या गटातल्या ५.१ टक्के लोकांनी सोडलेली होती. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात ०.३ टक्के. पाच टक्के ऐकून नाक मुरडू नये. देशातल्या प्रत्येक डॉक्टरने दोन मिनिटं खर्च केली तर हे पाच टक्के किती लाख होतात, हा हिशेब रसेल यांनीच तिथे मांडला होता.

फोनची शाखा मात्र डॉक्टरांच्या घराण्यातली नाही. ती आली एका पाद्र्याकडून. चॅड व्हारा यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमधून आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी एक फोन सुरू केला. त्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. तोंड न दाखवता, नाव न सांगता माणूस फोनवर मन मोकळं करतो, हे तिथे कळलं. व्यसनाला हे तंतोतंत लागू पडतं. ‘सोडायचीय पण जमत नाही’ हे वाक्य बायकोसमोर बोलायला जड जातं, मित्रांसमोर त्याहून जड. अनोळखी आवाजापाशी ते चटकन निघतं.

दोन्ही शाखांची गाठ पडली कॅलिफोर्नियात. तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘प्रपोझिशन ९९’ मंजूर करून सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर २५ सेंटचा जादा कर बसवला आणि त्यातला एक हिस्सा तंबाखूविरोधी कामासाठी बांधून ठेवला. म्हणजे सिगारेट सोडवण्याचा खर्च सिगारेटनेच करायचा. या पैशावर सॅन दिएगोच्या विद्यापीठात शू-होंग झू आणि सहकाऱ्यांनी तीन हजारांवर माणसांचे तीन गट करून फोनवरच्या समुपदेशनाची चाचणी घेतली. १९९२ मध्ये राज्यभराची मोफत लाइन सुरू झाली, चाचणीचे निकाल १९९६ मध्ये छापून आले. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांपैकी वर्षभर सोडून राहिलेले शेकडा पाचच्या आसपास. पुस्तिका आणि एकदा फोनवर सविस्तर बोलणं: सात-आठ. पुस्तिका आणि पुन्हा पुन्हा फोन: जवळपास दहा.

हे पुन्हा पुन्हा फोन कधी करायचे, यात खरी कारागिरी आहे. साधा माणूस म्हणेल, आठवड्याला एक. झू आणि त्यांचे सहकारी पिअर्स यांनी तसं केलं नाही. सोडलेली माणसं पुन्हा केव्हा ओढू लागतात याचा आलेख त्यांनी समोर ठेवला. बहुतेकांचा निश्चय पहिल्या काही दिवसांतच ढासळतो. तिथून पुढे धोका हळूहळू उतरत जातो. मग फोनही त्याच उताराने लावले: सोडल्याच्या पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या. जगात पुढे जिथे जिथे अशा लाइनी निघाल्या त्यांनी कमीअधिक फरकाने हाच साचा उचलला. फुकट सल्ला देणाऱ्यांची जगाला कधीच वाण नव्हती. नवं होतं ते सल्ला देणाऱ्याने ठरलेल्या दिवशी स्वतःहून फोन करणं.

च्युइंगमची पोटशाखा इथेच सांगून टाकतो, कारण ती जर्दा खाणाऱ्यांना आवडेल. साठच्या दशकात लुंड विद्यापीठातल्या क्लेस लुंडग्रेन यांच्या लक्षात आलं, की पाणबुडीतल्या खलाशांना धूम्रपान करता येत नाही तेव्हा ते तंबाखू चघळून वेळ निभावतात. हे त्यांनी हेलसिंगबोर्गच्या औषधकंपनीतल्या ओवे फर्न्यो यांना कळवलं. तंबाखूशिवाय नुसतं निकोटीन चघळता आलं तर? १९७८ मध्ये निकोटीनचं च्युइंगम औषध म्हणून मान्य झालं. म्हणजे जर्द्याच्या सवयीवरचा उतारा जर्द्याच्याच सवयीतून निघाला. आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत निकोटीन यायला २०२२ उजाडलं.

भारतात हा सगळा वंश उशिरा पोचला असं म्हणायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांचा दंतसंशोधनाचा गट होता. या गटाने १९७७ पासून केरळातलं एर्नाकुलम, आंध्रातलं श्रीकाकुलम आणि गुजरातेतलं भावनगर या जिल्ह्यांत ३६ हजारांवर तंबाखू घेणारी माणसं निवडली. घरोघरी जायचं, तोंड तपासायचं, तोंडातला पांढरा चट्टा दाखवून तो कशाने आला हे सांगायचं, सोडायला मदत करायची. आणि पुढच्या वर्षी त्याच दारात पुन्हा उभं राहायचं. एर्नाकुलममध्ये दहा वर्षं हे चाललं. तंबाखू सोडणारे वाढले, पांढरे चट्टे कमी झाले. रसेल यांचा प्रयोग छापून येण्याच्या दोन वर्षं आधी सुरू झालेलं हे काम, विद्यापीठाच्या खोलीत नव्हे तर अंगणात बसून केलेलं. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

भोपाळचं या वंशावळीत नाव लागतं ते दोनदा. १९८४ च्या गॅसकांडानंतर, वायूचा कर्करोगाशी काही संबंध दिसतो का हे पाहायला गांधी मेडिकल कॉलेजात शहराची कर्करोग नोंदणी सुरू झाली. या नोंदणीच्या आधारावर दीक्षित आणि कान्हेरे यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विडी आणि फुप्फुसाचा कर्करोग, चघळायची तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांची सांगड भोपाळच्याच रुग्णांवरून दाखवली गेली. कारखान्यातल्या विषाचा माग काढायला मांडलेल्या वहीत खिशातल्या विषाची नोंद झाली. दुसरं नाव २००२ चं. जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्राचं आरोग्य मंत्रालय यांनी मिळून देशात पहिली १३ तंबाखूमुक्ती केंद्रं उघडली, त्यातलं एक भोपाळच्या ईदगाह हिल्सवरच्या जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालयात होतं. मुंबईत टाटा मेमोरियल होतं, गोव्यात चिखलीला एक केंद्र होतं.

ही केंद्रं कामाची होती, पण दूर होती. पहिल्या पाच वर्षांत सगळ्या केंद्रांत मिळून ३४ हजारांच्या वर माणसं आली. तंबाखू घेणारी माणसं देशात २६ कोटींच्या घरात! भेलच्या कारखान्यात पाळी करणारा, अयोध्या नगरात राहणारा माणूस खाडा करून ईदगाह हिल्स चढेल तो तोंड उघडेनासं झाल्यावर. त्याआधी चढणार नाही. फोन हाच त्यावर उपाय होता. ३० मे २०१६ रोजी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये राष्ट्रीय क्विटलाइन सुरू झाली. नंबरातला ११ हा दिल्लीचाच आकडा आहे. मग दोन वर्षांनी तो पाकिटांवर चढला. ऑस्ट्रेलियाने हे २००६ पासूनच केलं होतं. जाहिरातीचा खर्च तंबाखूच्या कंपनीने करायचा, आणि जाहिरात गिऱ्हाईक सोडवण्याची. फोन इतके वाढले, की मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निमहान्स आणि गुवाहाटीची बरुआ कर्करोग संस्था यांना जोडून घ्यावं लागलं. आता मराठीतही बोलता येतं. भोपाळमधल्या मराठी माणसाला हे मुद्दाम सांगायला हवं, कारण सरकारी फोन म्हटला की इथे आपण आपोआप हिंदीत शिरतो, आणि मनातलं बोलायचं राहून जातं.

एक भोक मात्र राहिलंय, आणि ते गुमटीवरच दिसतं. गिऱ्हाईक येतं, एक सिगारेट मागतं, खांबाला बांधलेल्या दोरीच्या लायटरवर पेटवतं, निघून जातं. पाकीट राहतं गुमटीवाल्याकडे, त्यावरचं इशाऱ्याचं चित्रही त्याच्याकडे, नंबरही त्याच्याकडे. ज्याच्यासाठी नंबर छापला त्याच्या खिशात तो जातच नाही. रोजंदारीवरचा माणूस आणि शाळकरी पोर सुटीच घेतात, म्हणजे ज्यांना पैसे मोजून मदत परवडणार नाही नेमके तेच. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि विडी विकायला बंदी केली. ती कितपत पाळली जाते हे पुण्या-नाशिकच्या टपऱ्या जाणणाऱ्यांना विचारा. माझ्या मते, छापील नंबरावर जेवढी मेहनत घेतली गेली त्याच्या चौथाई मेहनत सुट्या विक्रीवर घेतली असती तर नंबर दुप्पट लोकांपर्यंत गेला असता. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ने वेगळी वाट धरली: नंबराची वाट न बघता तालुक्याच्या गावात दवाखाना आणि गावात माणूस. एर्नाकुलमच्या अंगणाशी त्याचं नातं जवळचं आहे.

वापरायचा असेल त्याच्यासाठी एवढंच. १८००-११-२३५६, सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. पैसे पडत नाहीत. विडी-सिगारेटसाठी आहे तसाच जर्दा-गुटख्यासाठीही आहे. सुरुवातीलाच ‘मराठीत बोलायचंय’ म्हणा. किती ओढता, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते, हे विचारतील; खरं सांगा, लाजू नका. सोडायचा दिवस तुमच्याकडूनच ठरवून घेतील. मग त्यांचा फोन येईल, अनोळखी नंबरावरून, बहुधा तुम्ही कामात असताना. कर्ज विकणारा समजून तो कापू नका. गेल्या सत्तर वर्षांत गुण आलेला दिसतो तो या दुसऱ्या फोनाचाच.