धाडस आणि तारण

तरुण मुलगे धोका पत्करून व्यवसायात उतरतात, मुली मात्र सुरक्षित नोकरी पसंत करतात, असे आजही सहज बोलले जाते. हा जणू स्वभावाचाच भेद! महाराष्ट्राचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

मुंबईतील अध्यापकाची नोकरी सोडून बेळगावला परतलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकलींच्या दुकानातून लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर त्यांनी कारखाना उभारला. मराठी मुलांपुढे पिढ्यान्‌पिढ्या हाच आदर्श ठेवला गेला. त्याच घराण्याने १९३० साली ‘स्त्री’ मासिक काढले. परंतु कारखाना काढणारी नायिका मुलींच्या वाट्याला क्वचितच आली.

व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया मात्र होत्या. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार ज्यांच्या घरी जेवत, त्या खानावळवाल्या बायका उधारीवर धान्य आणत, महिन्याचा हिशेब राखत, सावकाराचे व्याज भागवत. नफा-तोटा त्यांच्याइतका कोणाला कळला असेल? तरीही त्याला उद्योग म्हणण्याचे कोणाला सुचले नाही. तो ‘संसाराला हातभार’ ठरला. १९५९ साली गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, तोही घरकामातून वेळ काढूनच. त्यातूनच ‘लिज्जत’ उभे राहिले.

खरी अडचण तारणाची होती. बँक कर्ज देणार ते घर, जमीन किंवा दागिना पाहून. आणि घर-जमीन बहुधा पुरुषांच्या नावावर. १९५६ च्या वारसा कायद्याने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेवर पूर्ण स्वामित्व दिले, परंतु वडिलोपार्जित एकत्र संपत्तीत जन्मसिद्ध हक्क पुत्रांचाच राहिला. बापाच्या जमिनीच्या आधारावर मुलगा धाडस करी. मुलीने ते कशाच्या बळावर करावे?

१९७५ साली गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. सावकाराचा पाश सैल झाला, तो असा.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या संपत्तीत मुलांइतका जन्मसिद्ध हक्क दिला. मात्र कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांचे लग्न झाले होते, त्यांना तो नाकारला गेला. ही अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीपर्यंत कायम होती.