जुळ्या गर्भांची डॉपलर तपासणी

जुळ्या गर्भांची डॉपलर तपासणी : गर्भाच्या रक्तवाहिन्यांतून रक्त किती वेगाने आणि कोणत्या दिशेने वाहते, हे दाखवणारी सोनोग्राफी. तिच्यामागचे तत्त्व क्रिस्टियन डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडले. मुंबईत अंधेरी-बोरिवली, घाटकोपर-मुलुंडच्या केंद्रांत आता पेशंटही ‘कलर डॉपलर’ सहज म्हणतात.

जुळी आहेत हे कळले की घरी पेढे येतात. डॉक्टरांपुढे प्रश्न वेगळाच असतो : वार एक की दोन? दोन असतील तर चार-चार आठवड्यांनी तपासले तरी सहसा चालते. वार एकच असेल तर तिच्यात दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि एकाचे रक्त दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून अशा बाईला १६व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला बोलावतात. वार एक की दोन, हा निवाडा ११ ते १४ आठवड्यांत व्हावा. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला मिळतो तिथे ‘लॅम्डा’ अक्षरासारखा त्रिकोण दिसला तर वार दोन; पडदा ‘टी’सारखा काटकोनात टेकला तर एक. पुढे त्रिकोण पुसट होतो.

एक मुलगा आणि एक मुलगी दिसली तर वार दोन, हा पुरावा परदेशात सर्रास वापरतात. आपल्याकडे तो रिपोर्टात लिहिता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा. या कायद्यानुसार दर तपासणीला ‘एफ फॉर्म’ भरावा लागतो, त्यामुळे पंधरवड्याला येणारी बाई त्यावर सही करून कंटाळते. फॉर्ममधल्या चुकांना गुन्हा समजू नये ही ‘फॉग्सी’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली.

नाळेतील रोहिणीचा आलेख पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. ठोका पडला की दाता वर चढतो. दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त पुढे सरकत असल्याने तो तळरेषेला टेकत नाही. वारेतला अडथळा वाढला की मधली दरी खोल होते, मग तळ गाठते, शेवटी रेषेखाली उतरते. म्हणजे रक्त उलटे फिरले. एका वारेच्या जुळ्यांत एक बाळ वाढीत मागे पडले असेल, तर मात्र कधीकधी त्या लहान बाळाचा आलेख बघता बघता ओसरतो आणि पुन्हा भरतो. मोठ्या बाळाकडून येणाऱ्या रक्ताचा तो हेलकावा. दोन-चार ठोके चांगले दिसले म्हणून प्रोब हलवला तर तो निसटतो, आणि नेमक्या याच प्रकारात लहान बाळ अचानक दगावण्याचा धोका असतो. बार्सिलोनाच्या ग्राताकोस यांनी २००७ मध्ये केलेल्या अशा जुळ्यांच्या वर्गवारीतला हा तिसरा प्रकार.

एका वारेच्या जुळ्यांत रक्ताची देवघेव एकतर्फी झाली तर आधी बाळांभोवतीचे पाणी बोलते : देणाऱ्या बाळाभोवती सर्वांत खोल कप्पा २ सेंटीमीटर किंवा कमी, घेणाऱ्याभोवती ८ किंवा जास्त. किंटेरो यांनी १९९९ मध्ये या आजाराचे जे पाच टप्पे मांडले, त्यांत डॉपलर तिसऱ्या टप्प्यात येते. जोडवाहिन्या लेझरने जाळण्याचा उपचार साधारण १६ ते २६ आठवड्यांत करतात. पाणी दोघांचे ठीक असूनही एक बाळ पांढरे पडत असेल, तर ते प्रामुख्याने मेंदूतील मधल्या रोहिणीत कळते. रक्त पातळ झाले की ते धावते.

राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात नाव घातलेली बाई कधीकधी सोनोग्राफी घराजवळच्या केंद्रात करते, तीही दर वेळी वेगळ्या डॉक्टरांकडे. तेव्हा ‘बाळ १’ म्हणजे कोणते, उजवीकडचे की डावीकडचे, नाळ वारेच्या मध्यावर रुजलेली की कडेला, हे पहिल्याच रिपोर्टात लिहिलेले असावे लागते. नाहीतर पंधरा दिवसांत बाळांची अदलाबदल होते आणि वाढीचा तक्ता भलत्याच बाळाचा निघतो.