आभासी यंत्र आणि त्याची डिस्क

एकाच संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालवण्याचे तंत्र, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, हे क्लाउडच्या काळाचे अपत्य असल्याचा समज रूढ असला, तरी त्याचा जन्म १९६०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात झाला. एका यंत्राचा वेळ अनेकांना वाटून देणाऱ्या प्रणालीसाठी शेजारच्या एमआयटीने १९६४ मध्ये आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकची निवड केली होती. आयबीएमने त्यावर उत्तर म्हणून टीएसएस ही अवजड प्रणाली उभारायला घेतली असताना, रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांच्या छोट्या गटाने वेगळाच मार्ग धरला: वापरकर्त्याला यंत्राचा केवळ वेळ न देता संपूर्ण यंत्रच दिल्याचा भास निर्माण करायचा आणि त्यावर एकट्यापुरती साधी प्रणाली चालवायची. सीपी-४० नावाची ही व्यवस्था १९६७ च्या जानेवारीत नियमित वापरात आली, आणि तिच्यातून पुढे सीपी-६७ व १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही उत्पादने घडली.

या व्यवस्थेत खऱ्या डिस्कवरील ठरावीक भाग प्रत्येक आभासी यंत्राला तोडून दिला जाई व त्याला मिनिडिस्क म्हणत. मेनफ्रेम हेच एकमेव मोठे यंत्र असल्याने डिस्क त्याच्याशी बांधलेली असण्यात कोणाला अडचण वाटत नव्हती. अडचण जाणवली ती तीस वर्षांनंतर, सर्व्हर स्वस्त व असंख्य झाल्यावर.

मधल्या काळात तंत्राची सैद्धांतिक चौकट मात्र पक्की झाली. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की यंत्राच्या स्थितीला हात घालणारा प्रत्येक आदेश सामान्य प्रोग्रामने दिल्यास तो अडवला जाऊन हायपरव्हायजरकडे, म्हणजे आभासी यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोग्रामकडे, पोहोचत असेल, तर आभासी यंत्र सुरक्षितपणे उभारता येते. इंटेलचे एक्स८६ प्रोसेसर या कसोटीला उतरत नव्हते. उदाहरणार्थ, प्रोसेसरचे स्थितिदर्शक बिट परत भरणारा ‘पॉपएफ’ हा आदेश सामान्य प्रोग्रामने दिल्यास व्यत्यय रोखणारा बिट बदलत नसे, पण चूकही कळवली जात नसे. त्यामुळे आतील ऑपरेटिंग सिस्टिमची फसगत होई आणि हायपरव्हायजरला त्याचा पत्ताही लागत नसे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने असे आदेश चालता चालताच बदलून घेण्याची युक्ती योजली, हे या क्षेत्रातील सर्वांत धाडसी अभियांत्रिकी यश म्हणावे लागेल. आभासी यंत्रांसाठी प्रोसेसरमध्येच सोय इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये केली.

तरीही सर्व्हर कक्षाचे रूप पालटण्यास एवढे पुरेसे नव्हते. व्हीएमवेअरने २००३ मध्ये आणलेल्या व्हीमोशनमुळे चालू आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागले: मेमरीची पाने नेटवर्कवरून पाठवायची, दरम्यान बदललेली पुन्हा पाठवायची, आणि शेवटी क्षणभर थांबवून उरलेली स्थिती पोहोचवायची. यात डिस्क जागची हलत नसे, म्हणून ती दोन्ही सर्व्हरना दिसणे ही पूर्वअटच होती. त्या काळी ही अट फायबर चॅनेलच्या महागड्या, स्वतंत्र जाळ्यानेच पुरी होई. दोन सर्व्हरनी एकच आभासी यंत्र एकाच वेळी सुरू केल्यास त्याच्या डिस्कची धूळधाण होईल, हे ओळखून तिच्या फाइलवर कुलूप ठेवण्याची तजवीजही करावी लागली.

ईएसएक्स या सर्व्हर-हायपरव्हायजरच्या २००६ मधील तिसऱ्या आवृत्तीने आयस्कझी (डिस्कचे आदेश नेटवर्कवरून पाठवण्याची पद्धत) आणि एनएफएस (फाइली नेटवर्कवरून वापरण्याची पद्धत) स्वीकारल्यावर साधे इथरनेटही या कामास चालू लागले. यांपैकी एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात वर्कस्टेशनवरील फाइली वाटून घेण्यासाठी रचले होते. त्याच्या मूळ रचनेत सर्व्हर ग्राहकाविषयी काहीच लक्षात ठेवत नसे, त्यामुळे तो बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी ग्राहक तीच विनंती परत परत करत राही आणि काम जिथे थांबले तिथून पुढे चाले. आभासी यंत्राच्या डिस्कला हा चिवटपणा उपकारक ठरला. मात्र आतील ऑपरेटिंग सिस्टिम तेवढा वेळ धीर धरेलच असे नसल्याने, डिस्कच्या उत्तरासाठी थांबण्याची तिची मुदत वाढवून ठेवण्याची रीत प्रशासकांत पडली.