गप्प राहिलेल्या तारेची कुळकथा

सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीकडे निघतात ती भुसावळ–खंडवा मार्गाने. या मार्गावर सावद्यापुढचं स्टेशन निंभोरा. गाडी तिकडे सोडण्याआधी निंभोऱ्याची ‘लाइन क्लिअर’, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घ्यावी लागते, हा रेल्वेच्या ब्लॉक पद्धतीचा मूळ नियम. फोनवरून ती घेताना नुसतं ‘हो, सोडा’ चालत नाही. पलीकडचा मास्तर आपल्या तक्त्यातला एक दोन आकडी ‘प्रायव्हेट नंबर’ सांगतो. तक्त्यात हे नंबर क्रम मोडून छापलेले असतात. एक नंबर एकदाच वापरायचा, लगेच खोडायचा आणि दोन्हीकडच्या नोंदवहीत चढवायचा. उत्तर आलं नाही तर गाडी उभी.

पलीकडचा गप्प असेल तर त्या गप्पपणाचा अर्थ ‘हो’ धरायचा नाही, हे या नियमाचं मर्म. नेटवर्कवर चालणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आजही हेच पहिल्यांदा शिकावं लागतं. संगणकवाल्यांनी ही रीत रेल्वेकडून उचलली असं नाही. दोघांपुढे अडचण एकच होती, म्हणून दोघेही त्याच वळणावर आले.

आपल्याच संगणकातली फाइल वाचताना ही अडचण क्वचितच येते. प्रोग्रॅम, त्याच्याखालची ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क एकाच पेटीत असतात. वीज गेली तर तिघंही एकदम बंद पडतात. फाइल सापडली, सापडली नाही किंवा डिस्क भरली, यांपैकी काही तरी एक स्पष्ट उत्तर मिळतं. डिस्कही खराब होते, आणि लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरलं का याची खात्री वेगळी करून घ्यावी लागते, हे खरं. पण काम मागणारा जिवंत, काम करणारा मेलेला आणि मागणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही, अशी अवस्था तिथे सहसा येत नाही. नेटवर्कवर ती रोजची आहे. उत्तर आलं नाही, म्हणजे निरोपच पोचला नाही? की पोचला, पण सर्व्हर मधेच बंद पडला? की काम झालं आणि फक्त पोच वाटेत हरवली? या टोकाला तिन्ही वेळा सारखीच शांतता ऐकू येते. १९७५ साली संशोधकांनी हा पेच मांडला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींच्या कोड्याचं रूप दिलं. निरोप हरवू शकत असतील तर पोचेवर पोच कितीही पाठवा, शेवटची पोच पोचली की नाही हे ती पाठवणाऱ्याला कधीच खात्रीने कळत नाही.

एवढं ठाऊक असूनही पुढच्या पिढीने नेटवर्कला फाइलचा वेश चढवला. १९८३ साली बर्कली विद्यापीठातून आलेल्या युनिक्सच्या आवृत्तीत ‘सॉकेट’ आलं, म्हणजे प्रोग्रॅमने नेटवर्कवर बोलायचं दार. फाइल उघडली की प्रोग्रॅमला एक छोटा आकडा मिळे, सॉकेट उघडलं तरी तसाच आकडा. वाचायला तेच ‘रीड’, लिहायला तेच ‘राइट’. ही सोय फार मोठी होती आणि तिच्यावर पुढे अर्धं जग उभं राहिलं. पण सॉकेटवरचं ‘राइट’ यशस्वी झालं याचा अर्थ इतकाच, की मजकूर आपल्याच यंत्राच्या रांगेत लागला. पलीकडे काय झालं, त्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

दोन वर्षांत सन कंपनीची ‘एनएफएस’ आली. दुसऱ्या यंत्रावरची फाइल जणू आपल्याच डिस्कवर आहे, असं ती भासवे. समजा, प्रोग्रॅमने एक फाइल पुसायला सांगितली. सर्व्हरने ती पुसली, पण पोच हरवली. थोडं थांबून यंत्राने तीच विनंती पुन्हा पाठवली, आणि आता उत्तर आलं, ‘अशी फाइलच नाही’. काम फत्ते झालेलं, आणि प्रोग्रॅमच्या हाती मात्र चूक! सर्व्हर बंद पडला तर निवड आणखी कठीण. ‘हार्ड’ जोडणी असेल तर प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत अडकून पडे. ‘सॉफ्ट’ असेल तर काही वेळाने चूक परत येई, आणि फाइलकडून अशी चूक येईल हे ज्यांच्या लिहिणाऱ्यांच्या मनातही नव्हतं, ते प्रोग्रॅम कोलमडत. १९९४ साली सनमधल्याच जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी हीच एनएफएस दाखला म्हणून पुढे ठेवली आणि लिहिलं, की जवळचं आणि दूरचं एकसारखं दाखवणं मुळातच चूक आहे. मला हा लेख धाडसाचा वाटतो, कारण तो घरातूनच आला. त्याच सुमारास तिथल्याच पीटर डॉइच यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या भाबड्या समजुतींची यादी केली. तिच्यातली पहिली समजूत, ‘नेटवर्क भरवशाचं असतं’.

वेश कितीही चढवला तरी अंतर तर कोणालाच पुसता येत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. हजार किलोमीटरवरच्या शहराला प्रश्न विचारून उत्तर मिळवायचं तर तार सरळ असली तरी १० मिलिसेकंद जातातच. चांगली एसएसडी एक तुकडा वाचून देते त्याच्या शंभरेक पट हा वेळ.

रेल्वेने मात्र पलीकडची शांतता लपवली नाही, तिच्यासाठी वेगळा नियम केला. दुहेरी मार्गावर दोन स्टेशनांतली सगळी संपर्कसाधनं तुटली तर गाड्या कायमच्या थांबत नाहीत. ड्रायव्हरला लेखी परवाना मिळतो, दोन गाड्यांमध्ये ठरावीक वेळ सोडला जातो आणि पुढचं स्वच्छ दिसत असलं तरी ताशी २५ किलोमीटरच्या वर जायचं नसतं. पलीकडचं काही माहीत नाही हे मान्य करून बेताने पुढे सरकायचं, ही शिस्त फाइलचा वेश घेतलेल्या नेटवर्कात नव्हती.

आज तीच शांतता केळीच्या बांधावर आली आहे. घड कापणाऱ्याची मजुरी यूपीआयने पाठवली आणि पडद्यावर ‘पेंडिंग’ आलं, की बोट पुन्हा ‘पाठवा’कडे जातं. तिथेच दुहेरी पैसे जाण्याचा धोका. पडद्यावरून पुन्हा पाठवणं हा यंत्रणेच्या लेखी नवा व्यवहार, त्याला नवा क्रमांक. म्हणून आधी जुन्याच व्यवहाराच्या १२ आकडी क्रमांकाने चौकशी करायची. पैसे आपल्या खात्यातून गेले आणि मजुराच्या खात्यात पडलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढच्या उशिराला दिवसाला १०० रुपये भरपाई.