उंदीर पडले की घर सोडायचे: प्लेगच्या जंतूची गोष्ट

लकडगंजमध्ये राहत असाल, तर आरा मशीनचा आवाज आणि लाकडाच्या टाली तुमच्या ओळखीच्या असतील. जवळच इतवारीत धान्याचा बाजार. आणि धान्य आले की उंदीर आलेच. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांनी कदाचित ऐकले असेल, की पूर्वी घरात उंदीर मरून पडू लागले की लोक घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. ही भीती अंधश्रद्धेतून आलेली नव्हती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तो मांडवीत, म्हणजे धान्याच्या गोदामांच्या वस्तीतच. पुढे साथ पुण्यात गेली. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. नवे शतक सुरू झाल्यावर नागपूरनेही ही साथ पाहिली.

प्लेगचा जंतू अलेक्झांडर येरसिन यांनी १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोन यांनी कराचीत प्रयोग करून सांगितले, की तो उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो. अनेक डॉक्टरांना ते पटले नाही. काही वर्षांनी मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, झालेल्या प्रयोगांनी ते पक्के झाले. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते, पिसवा ते सोडतात आणि माणसाला चावतात. घर सोडणारे लोक बरोबर होते.

आता जरा विचार करा. पिसवेला स्वतःची ऊब नसते. तिचे शरीर हवेइतकेच गरम. माणसाचे शरीर मात्र ३७ अंशांवर. एकच जंतू या दोन्ही घरांत कसा राहतो? उत्तर असे, की तो तापमान ओळखतो आणि त्याप्रमाणे वागणे बदलतो.

साधारण २६ अंशांना, पिसवेच्या पोटात, तो चिकट थर तयार करतो. त्याने पिसवेच्या जठराचे तोंड बुजते. रक्त आत जात नाही, म्हणून भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि अडकलेले जंतू जखमेत ओकते.

माणसाच्या शरीरात आल्यावर चिकट थराचे काम थांबते. आता जंतू स्वतःभोवती कवच बनवतो, म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. शिवाय सुईसारखी यंत्रणा उभारून तो त्या पेशींत विषारी प्रथिने टोचतो. या यंत्रणेची एक कळ तर फारच साधी आहे. ती सुरू करण्याचा निरोप जंतूत आधीच तयार असतो, पण थंडाव्यात त्याची गाठ पडलेली असते आणि तो वाचता येत नाही. शरीराच्या उबेने गाठ सुटते आणि निरोप वाचला जातो. जंतूला ना मेंदू, ना डोळे. उष्णता हीच त्याची खूण.

पण कवच चढायला काही तास लागतात. तोवर पांढऱ्या पेशी बरेच जंतू मारतात. काही मात्र एका प्रकारच्या पेशीत शिरून तग धरतात आणि तयारी करूनच बाहेर पडतात. मग जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येते, थंडी वाजून जोराचा ताप भरतो. उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगचे निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. जंतू फुप्फुसात पोहोचला, तर खोकल्यातून एकाकडून दुसऱ्याला लागण होते.

दिलाशाची गोष्ट अशी, की आज आपल्याकडे स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे आहेत. ती जंतूच्या प्रथिने बनवण्याच्या कारखान्यावरच घाव घालतात, त्यामुळे कवच असले तरी चालतात. अट एकच: उपचार लवकर सुरू व्हायला हवेत.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आला, तेव्हाही आधी उंदीर पडले होते आणि पिसवा वाढल्या होत्या. म्हणून घाबरू नका, पण खूण विसरू नका. एखादा उंदीर मेला म्हणजे प्लेग नव्हे. मात्र गोदामात किंवा घरात एकाएकी बरेच उंदीर मरून पडले, तर हात लावू नका, महापालिकेला कळवा. त्या सुमारास कोणाला ताप आणि गाठ आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि उंदरांचेही आवर्जून सांगा. जंतू आपली खूण ओळखायला उशीर करत नाही. आपणही करू नये.