राखेच्या बुधवारची कुळकथा

राखेच्या बुधवारी ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या बसथांब्यांवर काही कपाळांवर राखाडी क्रूस दिसतात. इथून ईस्टरपर्यंत प्रायश्चित्तकाळ. ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांची. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली पाती घरातल्या अल्ताराशी खोचून ठेवतात. वर्षभरात ती सुकून पिवळी पडतात, मग चर्चमध्ये परत जातात आणि तिथं जाळली जातात.

या काळाचा हिशेब उलगडायचा तर पोप संत ग्रेगरी पहिले (५९०–६०४) यांच्याकडे जावं लागतं. एकेकाळी रोमचे प्रशासक असलेल्या ग्रेगरींनी आपल्या वाड्याचाच मठ केला. ५९० च्या साथीत आधीचे पोप दगावले आणि धुरा त्यांच्याकडे आली. तेव्हा हा काळ सहा आठवड्यांचा होता. रविवारी उपवास नसल्यानं दिवस भरत ३६. ग्रेगरींनी प्रवचनात सांगितलं, हा वर्षाचा दशांश, देवाला द्यायचा. पुढे येशूच्या अरण्यातल्या ४० दिवसांशी मेळ बसावा म्हणून आधीचे चार दिवस जोडले गेले आणि आरंभ बुधवारवर आला. राख पूर्वी जाहीर प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्याच माथी पडे; १०९१ च्या बेनेव्हेंतोच्या धर्मसभेनं ती सर्वांसाठी सांगितली.

खुद्द ग्रेगरींना पोटाच्या दुखण्यामुळे उपवास झेपत नसे. मठात असताना एका पवित्र शनिवारी, लहान मुलंही उपाशी राहतात आणि आपल्याला जमत नाही, या दुःखानंच ते खचले. त्यांनी एल्युथेरियस या साधूला प्रार्थना करायला सांगितलं, तेव्हा कुठे तो दिवस निभावला. म्हणूनच असेल, उपवासाकडे त्यांनी पोटापलीकडे पाहिलं. धर्मगुरूंसाठीच्या ग्रंथात ते बजावतात: वाचवलेला घास गरिबाला न देता स्वतःसाठीच राखून ठेवला, तर तो उपवास देवासाठी नव्हे.

ठाण्यात ही रीत रुजवली ती पोर्तुगीज काळातल्या फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च त्याच परंपरेतलं. १९६६ पासून सक्तीचे उपवास दोनच उरले, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. नियम सैल झाला, पण ग्रेगरींची अट सैल झालेली नाही. आपल्या ताटातलं कमी झालेलं कुणा भुकेल्याच्या ताटात पोचलं, तरच कपाळावरची राख सार्थ.